हरवलेल्यांच्या जमादारीण

चोरीची फिर्याद द्यायला येणारा माणूस ठाण्यात तावातावानं येतो. भांडणाची द्यायला येणारा चार माणसं बरोबर घेऊन, फाटकापासूनच बोलत येतो. माणूस हरवल्याची खबर द्यायला येणारा मात्र पायरीशी थांबतो. कुणी तिथंच चप्पल काढतं, कुणी लिंबाखाली उगाच उभं राहून परत फिरायच्या बेतात असतं. आत जाऊन एकदा सांगितलं की ते खरंच होईल, अशी भीती तोंडावर असते. मी ठाणे अंमलदार म्हणून दाराजवळच्या टेबलाशी बसायचो. येणाऱ्या प्रत्येकाची पहिली गाठ माझ्याशीच. पण मी टेबलापाशी वाट बघायचो आणि खिल्लारे बाई खिडकीतून पायरीकडं बघायच्या.

"शेखभाई, ते बघा, चप्पल काढायलाय. त्याचं माणूस गेलंय," असं म्हणून त्या उठायच्या, बाहेर जायच्या आणि त्याला हाताला धरून, चपलेसकट, आत आणायच्या.

कुसुम खिल्लारे. हुद्दा हवालदार. आमच्या परभणीकडं जुनी माणसं हवालदाराला अजून जमादार म्हणतात, म्हणून बायाबापड्या त्यांना जमादारीण म्हणायच्या. ठाणं कोणतं ते सांगत नाही, कारण यात साहेबलोकांचंही थोडंफार येणार आहे. गावातून सेलूलाही एसटी जाते, मानवतलाही जाते, आणि गावाला रेल्वे स्टेशन आहे, एवढं पुरे.

बाई बुटक्या, अंगानं भरलेल्या. चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. आवाज असा, की कोपऱ्यावरच्या हॉटेलवाल्याला हाक मारली तर लॉकअपमधला माणूसही उठून उभा राहायचा. टोपी डोक्यावर कमी आणि टेबलावर पालथी जास्त, आणि त्या टोपीत भाजलेल्या शेंगा. खबर देणाऱ्याला आधी पाणी, मग मूठभर शेंगा. "फोडा, फोडा. हाताला काम असलं की तोंड मोकळं होतंय." वर्षात एकच सुट्टी हक्कानं मागायच्या, ती जयंतीची. त्या दिवशी निळ्या काठाची पांढरी साडी नेसून ठाण्यावरून जायच्या आणि खिडकीतून मला दटावायच्या, "माझ्या टेबलाला हात लावू नका."

त्या टेबलाला हात लावायला कुणी टपलेलं नव्हतंच. मिसिंगचं टेबल म्हणजे खात्यातली अडगळ. त्यात मुद्देमाल नाही, धरपकड नाही, पेपरात फोटो नाही. माणूस आपणहून आलं तर घरचे कळवत नाहीत, आणि नाही आलं तर तुमच्याकडं बोट. हे काम बाईंनी मागून घेतलं होतं. का, असं एकदा विचारलं तर म्हणाल्या, "चोर धरला की एक घर रडतंय. माणूस सापडलं की गल्ली हासती. मला हासणारी गल्ली आवडती."

खबर लिहून घ्यायची त्यांची तऱ्हा वेगळी होती. नाव, वय, उंची, रंग, बांधा, अंगावर काय होतं, हे त्या लिहायच्याच. ते लिहावंच लागतं, लगेच बिनतारीवरून सगळ्या ठाण्यांना आणि रेल्वे पोलिसांना कळवावं लागतं. पण 'रंग सावळा, बांधा सडपातळ, उंची मध्यम' या वर्णनात आमचा निम्मा जिल्हा बसतो. म्हणून लिहून झाल्यावर बाई पेन बाजूला ठेवायच्या आणि खरी चौकशी तिथून सुरू व्हायची. त्याला खायला काय आवडतं? कशाला भितं? झोप नाही लागली तर काय करतं? रुसलं की कुठं जाऊन बसतं? घरचे गांगरायचे. कित्येकांना उत्तरं यायची नाहीत आणि मग ते जास्तच रडायचे.

'बेपत्ता' हा शब्द त्या कागदावर लिहायच्या, तोंडानं कधी म्हणायच्या नाहीत. "तुमचं माणूस वाटंवर हाय," म्हणायच्या. "आमी बी वाटंवर हाव. गाठ पडंल."

आणि त्यांच्या स्कूटीच्या डिकीत कायम नव्या चपलांचे दोन जोड असायचे, एक बाईमाणसाचा, एक गड्याचा. मी समजायचो, बाजारातून घरच्यांसाठी घेतल्या असतील. नंतर कळलं. "सापडलेलं माणूस हमेशा अनवाणी असतंय, शेखभाई. तसंच घरी नेलं तर चोर धरून आणल्यावानी दिसतंय. पायात चप्पल असली की गावावरून आल्यावानी वाटतंय."

एकदा बाजारपेठेतल्या भुसार दुकानदाराचे वडील निघून गेले. लिंगायत घर, सगळा गाव म्हाताऱ्याला अप्पा म्हणायचा. अप्पांचं मन अलीकडं जागेवर नव्हतं. मुलाला कधी भाऊ समजायचे, कधी गिऱ्हाईक. मुलगा दुकान तसंच उघडं टाकून आला होता. उंची, धोतर, पांढरी टोपी, सगळं सांगून झालं. बाईंनी पेन ठेवलं.

"सकाळी उठल्या उठल्या काय करतेत?"

"लिंगपूजा. गळ्यातलं लिंग हातावर घेऊन पूजा केल्याबिगर पाणी सुदा घेत न्हाईत. बाकी सगळं इसरले, पण तेवढं न्हाई इसरले."

"पूजेला काय लागतंय?"

"पाणी, भस्म... आन बेलाचं पान."

"घरी बेल हाय?"

"परसात हाय."

"आन तुमचं घर व्हायच्या आदी? जवानीत कुठं होते?"

मुलाला ते आठवेना. घरी फोन लावून आईला विचारलं, तेव्हा कळलं की लग्नाआधी अप्पा सेलूला एका जिनिंगमध्ये मुनीम होते. बाईंनी सेलूच्या ठाण्याला कळवलं, डिकीतला गड्याचा जोड पिशवीत टाकला आणि स्वतः पहिली एसटी धरली. कापसाच्या बाजारात जिनिंग काही एकच नसते. त्या प्रत्येक फाटकावर एकच विचारत गेल्या, "तुमच्याकडं बेलाचं झाड हाय का?" एका जुन्या जिनिंगचा चौकीदार म्हणाला, आहे की मागल्या बाजूला, कालपासून एक म्हातारा येऊन बसलाय, मालकाचा पाहुणा असेल म्हणून मी काही बोललो नाही.

अप्पा झाडाखाली बसले होते. कपाळाला भस्म, मांडीवर बेलाची पानं, पायात काही नाही. बाईंना बघून म्हणाले, "या. कोण पाहुणे?"

"मी तुमच्या दुकानाकडली, अप्पा. घेऊन जायला आले."

"जेवण झालं का?"

"न्हाई."

"मग जेवून निघू," म्हणाले, आणि चौकीदाराच्या डब्यातली अर्धी भाकरी बाईंनी त्यांच्याबरोबर बसून खाल्ली. मग पायात चपला घातल्या आणि घेऊन आल्या. दुकानापुढं माणसं जमली होती. मुलगा पुढं होऊन काही विचारणार, तेवढ्यात बाईंनी त्याचा दंड धरला. "कुठं गेलता, कशामुळं गेलता, असलं काय बी इचारायचं न्हाई. 'आलाव का अप्पा?' एवढंच मनायचं." मुलानं तसंच म्हटलं. अप्पा म्हणाले, "आलो. उशीर झाला जरा," आणि गल्ल्यावर जाऊन बसले. त्या दिवशी दुकानदारानं गल्लीत पेढे वाटले. बाईंनी पेढा घेतला नाही, शेंगा घेतल्या. टोपी रिकामी झाली होती.

सापडण्याचे सगळेच दिवस असे गोड नसत. एक इसम बायको हरवली म्हणून आला. बरोबर गावातला एक पुढारी, दोघे-तिघे मित्र. पायरीशी थांबला नाही, चप्पल काढली नाही. बाईंनी ते माझ्याआधी टिपलं. तरी खबर लिहून घेतली, शोध घेतला, जशी रीत आहे तशी. बाई तिला शोधून भेटून आल्या. दुसऱ्या दिवशी तो इसम मंडळीसह हजर.

"सापडली मनं?"

"सापडली. सज्ञान हाय, स्वखुशीनं गेलीय, तसा जबाब दिलाय."

"हाय कुठं?"

"सुखरूप हाय."

"पत्ता इचारायलोय मी!"

"मी तोच सांगायले. सुखरूप. इतकाच पत्ता हाय."

पुढारी टेबलावर हात आपटून बोलला. बदलीची भाषा झाली. साहेब केबिनमधून बाहेर आले, त्यांनी जबाब मागवला आणि उभ्या उभ्या वाचला. त्यात त्या बाईनं अंगावरच्या माराच्या खुणा एकेक करून सांगितल्या होत्या, आणि पत्ता नवऱ्याला देऊ नये असं शेवटी लिहून अंगठा केला होता. वाचून होईपर्यंत साहेबांचा चेहरा बदलला. "जबाब कायदेशीर आहे," ते म्हणाले. "तुम्ही आता घरी जा. पुन्हा आलात तर फिर्याद दुसरी होईल आणि आरोपी तुम्ही असाल." मंडळी गेली. बाई स्कूटीपाशी गेल्या, डिकी उघडून बघितली आणि मला म्हणाल्या, "बाईमाणसाचा जोड आणावा लागंल. तिच्या पायात ऱ्हायला." एवढं बोलून त्या अशा हसल्या, की मलाही आपण काहीतरी जिंकलोय असं वाटलं.

पण खिल्लारे बाई म्हटलं की आमच्या जिल्ह्यात अजून जनाचंच नाव निघतं.

जना पालम तालुक्यातल्या एका खेड्यातली. जन्मापासून ऐकू येत नाही, त्यामुळं बोलता येत नाही. आईबाप कापूस वेचायला आमच्या भागात आले होते. वेचणी संपली, गावाकडं परत निघाले, बसस्टँडवर गाडी लागली तशी झुंबड उडाली. गाठोडी आत गेली, धाकटा पोरगा आत गेला, आणि जना कुठं दिसेना. तेव्हा ती दहा-बारा वर्षांची असेल.

आई, कौसाबाई, ठाण्याच्या पायरीवर थांबलीसुद्धा नाही, खालीच बसली. तिला आत आणलं. तेव्हाचे साहेब घाईत होते, मोठा बंदोबस्त होता. म्हणाले, "स्टँडवरच असेल कुठंतरी. उद्या सकाळपर्यंत बघा, मग लिहून घेऊ."

बाई उठून उभ्या राहिल्या. "साहेब, लेकरू अठराच्या आतलं हाय. हिचा नुसता मिसिंग होत न्हाई, पळवून नेल्याचा गुन्हाच दाखल करावा लागतोय, आन तो बी आत्ता. उद्यापर्यंत थांबा मनून कुठंच लिहिलेलं न्हाई."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी पेन उचललं होतं. "घ्या लिहून," ते म्हणाले, आणि खरं सांगायचं तर निम्मा बंदोबस्त त्यांनी स्टँडकडं वळवला.

स्टँड झालं, विहिरी झाल्या, जिनिंग झाल्या. रेल्वे स्टेशनवरचा एक केळीवाला म्हणाला, अशी एक पोरगी नांदेडकडच्या गाडीत चढताना बघितली. पुढच्या सगळ्या स्टेशनांना कळवलं. पुढं माग नाही. बोलता न येणारं, लिहिता न येणारं लेकरू. कुणी विचारलं तरी सांगणार काय?

बाई साप्ताहिक सुट्टीला पालमची एसटी धरू लागल्या. दर महिन्या-दोन महिन्यांनी कौसाबाईच्या दारात. मी म्हणायचो, फोन करा की. त्या म्हणायच्या, "सापडली असं फोनवर सांगता येतंय, शेखभाई. न्हाई सापडली, हे तोंडानंच जाऊन सांगावं लागतंय."

जाऊन त्या नुसत्या बसायच्या नाहीत. जना घरात कशी बोलायची, ते त्यांनी आईकडून शिकून घेतलं. त्या मायलेकींची हातांची एक भाषा होती, घरात तयार झालेली; दुसऱ्या कुणाला ती यायची नाही. आई म्हणजे अंगठा कपाळावर टेकवायचा, कारण कौसाबाई अंगठ्यानं रुपयाएवढं कुंकू लावायची. भाकरी म्हणजे तळहातावर तळहात थापायचा. आणि घरात एक शेळी होती, कुत्र्यानं तिचा कान तोडलेला, जनाची फार लाडकी. ती म्हणजे आपला कान धरून दोन बोटांची कात्री चालवायची. बाई ठाण्यात बसल्या बसल्या हे हावभाव करायच्या आणि बाकीचे शिपाई एकमेकांना डोळे मारायचे.

वर्षं गेली. जनाचा बाप कावीळ होऊन वारला. कौसाबाईचा दीर आणि भावकी म्हणू लागली, आता तिचं नाव सोडा. नवे साहेब आले, त्यांनी गुन्हा खरा पण तपास लागत नाही असा शेरा मारून कागद कोर्टाकडं पाठवायला सांगितले. बाईंनी मुकाट्यानं पाठवले. मला वाटलं, संपलं. त्या म्हणाल्या, "कागद थांबला. मी कुठं थांबले?"

मग एक दिवस दुपारी शेंगा फोडता फोडता त्या एकदम थांबल्या. "शेखभाई, इतकी वर्षं आपण जगाला सांगायलाव की ती कशी दिसती. ती तर आता तशी दिसत बी नसंल. पण आपण तिला हुडकायलाव, हे तिला कुणी सांगितलंय का?"

मी हातातली शेंग खाली ठेवली.

"तुमचा फोन काढा," म्हणाल्या.

ठाण्याच्या मागच्या भिंतीपाशी, पूर्ण वर्दीत, टोपी घालून त्या उभ्या राहिल्या. कपाळावर अंगठा टेकवला. तळहातावर तळहात थापला. कान धरून बोटांची कात्री चालवली. मग दोन्ही हातांनी बोलावलं: ये. एवढाच व्हिडिओ, आवाज नाही. हसणाऱ्या शिपायांना हाकलून परत परत घ्यावा लागला. बाईंनी तो पोलिसांच्या, बालगृहांच्या, रेल्वेवाल्यांच्या, जमेल त्या गटांवर टाकला.

कुण्या वात्रटानं त्यावर एक उडत्या चालीचं गाणं चढवलं. खाकीतली जाडजूड बाई, स्वतःचा कान कापतेय आणि भाकरी थापतेय. सगळीकडं हसू. चार-आठ दिवसांत तो जिल्ह्याबाहेर गेला, राज्याबाहेर गेला. पानटपरीवर लोक बाईंना बघून कान धरायचे. साहेबांनी बोलावून खुलासा मागितला. खात्याची बदनामी झाली होती. बाईंनी खुलाशात एकच वाक्य लिहिलं: 'सदर व्हिडिओ हा हरवलेल्या मुलीशी बोलण्यासाठी केला असून ती बोलेपर्यंत काढता येणार नाही.'

"नोकरी धोक्यात घालायल्या तुमी," मी म्हणालो.

"हासू द्या लोकाला. हासत हासत फुडं तर पाठवायल्यात," त्या म्हणाल्या. पण त्या दिवशी त्यांनी शेंगा फोडल्या नाहीत.

फोन आला तो ठाण्याच्या फोनवर, आणि उचलला मी. तेलंगणातल्या एका मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षक बोलत होती, हैदराबादी हिंदीत. ती माझ्या घरचीच बोली, म्हणून शब्द न् शब्द कळला. त्यांच्या स्वयंपाकिणी दुपारी मोबाईलवर कसलासा व्हिडिओ बघून हसत होत्या. एक मुलगी ताटं घेऊन आत आली. बरीच वर्षं तिथं असलेली, न बोलणारी. नाव माहीत नाही म्हणून त्यांनीच तिला लक्ष्मी म्हटलेलं. तिचं लक्ष मोबाईलकडं गेलं आणि ताटं खाली पडली. तेव्हापासून ती मोबाईल सोडत नव्हती. पुन्हा पुन्हा तोच व्हिडिओ लावायला लावत होती आणि स्वतःचा कान धरून बोटांची कात्री चालवत होती.

मी फोन न ठेवताच बाईंकडं वळलो आणि आपला कान धरला. त्यांनी ओळखलं. खुर्ची मागं पडली तिचं त्यांना भान नव्हतं.

व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर एक तरुण मुलगी, दोन वेण्या घातलेली. बाईंनी अंगठा कपाळावर टेकवला. पलीकडं मुलीनं तसाच अंगठा टेकवला, आणि मग दोन्ही हात उघडून पुढं केले. कुठं? कुठं आहे ती? त्याला भाषांतर लागत नव्हतं. ठाण्यातले ते डोळे मारणारे शिपाई एकेक करून बाहेर गेले आणि लिंबाखाली तोंड फिरवून उभे राहिले.

बालकल्याण समितीची परवानगी, ओळख पटवण्याचे कागद, सगळं रीतसर करून आम्ही गाडीनं निघालो: बाई, कौसाबाई आणि मी. मला बदलीचा हुकूम आला होता, बाईंबरोबरची ती माझी शेवटची ड्युटी. कौसाबाईच्या मांडीवरच्या पिशवीत भाकरी होत्या, ती पिशवी तिनं कुणाला धरू दिली नाही.

वसतिगृहाच्या ओसरीवर जना आली. आधी बाईंकडं बघितलं आणि हसली. त्यांना ती ओळखतच होती. मग कौसाबाईकडं बघितलं. बघत राहिली. केस पिकलेले, गाल बसलेले, कपाळ मोकळं. जनानं आपल्या कपाळावर अंगठा टेकवला, आईच्या कपाळाकडं बोट केलं आणि मान हलवली. नाही.

कौसाबाई बाईंकडं वळली. "वळखीना मला. बाई, माझं लेकरू मला वळखीना."

बाईंनी तिला धरलं. "कुंकू लावा."

"मी? मालक गेल्यात माझे. मी कशी लावू?"

"मालकासाठी न्हाई, लेकरासाठी लावा. तिची माय कुंकवाची हाय. इतकी वर्षं ती त्याच मायला हुडकायलीय. तिला ती द्या."

अधीक्षक बाई देवापुढचा करंडा घेऊन आल्या. कौसाबाईनं त्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, जणू मी गावाकडला कुणी होतो. मी मान डोलवली. मग तिनं अंगठा करंड्यात बुडवला आणि कपाळावर दाबला, पूर्वीसारखा, रुपयाएवढा.

जना पुढं आली. तिनं आपला अंगठा त्या कुंकवावर ठेवला, बरोबर मध्ये. आणि तिच्या गळ्यातून जो आवाज निघाला तो मी कधी विसरणार नाही. बोलता न येणाऱ्या पोरीनं हाक मारली होती. आख्खं वसतिगृह रडलं आणि आख्खं वसतिगृह हसलं. खिल्लारे बाईंनी चष्मा काढून पदर शोधला, वर्दीला पदर नसतो, तेव्हा माझ्या रुमालानं डोळे पुसले आणि रुमाल परत दिला नाही.

गावाला खबर आधीच पोचली होती. पालमच्या पुढं रस्ता वळतो तिथंच लोक हलगी घेऊन उभे. गाडीतून आधी जना उतरली, मग कौसाबाई. दिराचं लक्ष तिच्या कपाळाकडं गेलं. "वैनी, हे काय?"

कौसाबाईनं पिशवी सावरली. "पोलिसांनी लावायला सांगितलंय," ती म्हणाली, आणि पुढं चालू लागली. बायांमधून हसू फुटलं. एका म्हातारीनं आपल्या करंड्यातलं कुंकू आणून त्याच्यावर आणखी एक बोट लावलं. दीर बाजूला झाला.

पारापाशी मायलेकी समोरासमोर बसल्या आणि त्यांचे हात बोलू लागले. भराभर, इतक्या वर्षांचं. सगळा गाव भोवती. लोक बाईंना विचारू लागले, "काय मनायल्यात?" बाई मोठ्यानं सांगत होत्या: शेळी कुठंय विचारायलीय. माय सांगतीय, ती गेली, तिची नातवंडं हायेत दारात. बाप विचारायलीय... आणि तिथं बाई थांबल्या.

"सांगा की फुडं," कुणीतरी म्हणालं.

"फुडचं तुमचं न्हाई," बाई म्हणाल्या. "ते त्यांचं हाय."

मग गुलाल आला. आधी जनावर, मग कौसाबाईवर, मग पोरांनी बाईंना घेरलं. बाई ओरडल्या, "वर्दी हाय, वर्दी हाय," पण ते कोण ऐकतंय? हलगीवाल्यानं चाल बदलली. मला गाडी ठाण्यात जमा करायची होती.

"तुमी व्हा फुडं, शेखभाई. मी येते मागून एसटीनं," त्या म्हणाल्या.

गाडी वळवून मी आरशात पाहिलं. बाईंनी टोपी काढून त्या कुंकवाच्या म्हातारीच्या डोक्यावर ठेवली होती, पट्टा कुणाच्या तरी खांद्यावर होता, अंगावरची खाकी शोधून सापडणार नाही इतका गुलाल होता, आणि दोन्ही हात वर होते. वर्दीत नाचणं नियमात बसत नाही. म्हणून मी काही पाहिलं नाही.

ठाण्यात आलो. साहेब दारातच उभे होते. "खिल्लारे बाई कुठं आहेत?"

"जागेवरच हायेत साहेब," मी म्हणालो. "पंचनामा चालू हाय."